एका हाकेत दोघी

मंगळवार, ४ जून

पोहोचले! पाठीवर अठ्ठावीस किलो ओझं घेऊन साडेसहा तास चालले आणि वाटेत एकदाही टेकले नाही. ग्रोवर म्हणाला होता, ताई, दर तासाला बसायचं असतं. मी म्हटलं, तू बस, मी तुझ्यासाठी थांबते. ग्रोवर माझा मावसभाऊ, गाइड आहे, पाहुण्यांना शिखरावर नेतो. आज त्याच्याबरोबर चिलीहून आलेला एक मास्तर आहे. वरच्या चढावर दोघांचे चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे झाले होते, आणि मी आपली पोल्येरा, आमचा घेरदार घागरा, सावरत पुढे. गाइडांच्या कचेरीत म्हणतात की बाई वर गेली की आजोबांचं बर्फ वितळतं. आजोबा म्हणजे डोंगर. वितळू दे, मी काय सूर्य आहे?

निवारा छान आहे. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, बारा जणांची झोपायची सोय, गॅसच्या दोन शेगड्या आणि खिडकीतून सरळ बर्फाची उतरण दिसते. आल्या आल्या उंबऱ्यावर कोकाची तीन पानं ठेवली, बाटलीतली झाकणभर दारू जमिनीवर ओतली. आधी आजोबांना, मग आपल्याला. पुढचे तीन महिने इथला स्वैपाक माझा.

ही वही सशीनं दिली. सशी म्हणजे माझी लेक यानेत. पुढचे दात मोठे म्हणून मी एकटीच तिला सशी म्हणते, दुसऱ्या कुणी म्हटलं तर चावायला येते. तिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात जाऊन मी लिहायला शिकले. शब्द सुचला नाही की बोट चोखायचं नाही, असं बाईंनी बजावलंय. माझ्या आईला लिहायला शिकायला कधीच मिळालं नाही.

इथला राखणदार एवारिस्तो, खाली गावात मानानं डॉन म्हणतात. तीस वर्षं तो इथंच आहे. त्यानं नोंदवही पुढे केली, मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, सिप्रियाना वाराची. त्यानं वाचलं आणि वही खाडकन मिटली. म्हणाला, इथं तुला स्वैपाकीण म्हणतील. ग्रोवर लांब्या, मास्तर चिली, मी म्हातारा. निवाऱ्यात नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही.

माझं टाळकंच सरकलं. आयुष्यभर मला ए पोरी, ए बाई, ए पोल्येरा ऐकवलं लोकांनी. म्हटलं, पादऱ्यानं पाणी शिंपडून दिलेलं नाव आहे, वापरायला लाज कसली? दारात गेले, बर्फाकडे तोंड केलं आणि छाती फुगवून ओरडले, मी सिप्रियाना! सिप्रियाना! आत म्हाताऱ्याच्या हातून किटली पडली. मी पोट धरधरून हसले.

प्रतिध्वनी आला, पण फार उशिरा आला आणि तोही अर्धाच. नाव नाहीच, नुसतं 'ओ' ऐकू आलं.

बुधवार, ५ जून

इथं पाणी लवकर उकळतं आणि बटाटे शिजता शिजत नाहीत. कुकर नसता तर मास्तरानं कच्चेच खाल्ले असते. चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, रात्रभर भिजवले होते, त्यांचं सूप केलं, सगळ्यांनी दोनदा घेतलं. म्हाताऱ्यानंही घेतलं, पण चांगलं झालंय म्हणाला नाही. म्हणाला असता तर दात पडले असते बहुतेक.

आता खरं लिहिते. मी इथं सूप करायला आलेले नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी आई इथं स्वैपाकीण होती. एकदा पाहुण्यांचं जेवण घेऊन ती वर गेली. हवा फिरली. कड्याखाली बर्फात एक खोलगट जागा आहे, गाइड तिला खुर्ची म्हणतात. बरोबरच्या माणसानं तिला तिथं बसवलं आणि सांगितलं, हलू नकोस, मी येऊन नावानं हाक मारीपर्यंत जागची उठू नकोस. पाहुण्यांना आधी खाली न्यायचं होतं ना! तिसऱ्या दिवशी आणलं तिला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती आणि त्या दिवसापासून ती एक शब्द बोललेली नाही. बस म्हटलं की बसते. खा म्हटलं की खाते. मी आठ वर्षांची होते, तिला हो-नाही म्हणायला लावण्यासाठी मी काय काय केलं नाही!

कार्निव्हल झाल्यापासून तिचं खाणं सुटत चाललंय. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस. पानं वाचणारी म्हातारी म्हणाली, हिच्यात आहे काय मरायला? माणसाचे दोन अहायू, म्हणजे आत्मे, असतात, थोरला आणि धाकटा. भीतीनं थोरला निघून जातो. हिचा अजून तिथंच बसलाय, बसवलं होतं तिथं. खुर्चीसमोर उभं राहा, तिची टोपी हलव, नाव घेऊन घरी बोलव. मग टोपी कापडात गाठ मारून आण आणि थेट हिच्या डोक्यावर ठेव. मध्ये कुणाच्या डोक्याला लागता कामा नये.

टोपी गाठोड्यात आहे. आईची तपकिरी गोल टोपी. माझी वाऱ्यानं नेली म्हणून गेले चार महिने हीच माझ्या डोक्यावर होती, आता लोकरीची घालते.

शनिवारी ग्रोवर मला खुर्चीपर्यंत नेणार आहे. कचेरीतल्या पुरुषांना सांगायचं नाही म्हणाला. मी म्हटलं, परत आल्यावर मीच सांगेन, ढोल वाजवून.

म्हाताऱ्यानं मघाशी विचारलं, सकाळी बर्फ तोडायला गेली होतीस तेव्हा मी नमस्कार केला तर बोलली का नाहीस? मी सकाळपासून शेगडीपाशीच होते. तसं सांगितलं, तर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. वय झालं.

गुरुवार, ६ जून

वय झालेलं नाही त्याचं. मन खातंय त्याला.

दुपारी धुकं आलं. मी बाहेर भांडी घासत होते. आतून मास्तरानं वहीत वाचून मला हौसेनं नावानं हाक मारली, सिप्रियाना, चहा आहे का? मी तोंड उघडायच्या आत धुक्यातून 'ओ' आलं. बाईचा आवाज होता, दमलेला, फार लांबून नाही.

आत गेले. म्हाताऱ्याची कॉलर धरली. आता सांग म्हटलं.

सांगितलं त्यानं. आईला खुर्चीत बसवणारा तोच. तिसऱ्या दिवशी एकटा वर गेला, नावानं हाक मारली. ती उठून त्याच्याकडे चालत आली, तोंड मिटलेलं, डोळे काचेसारखे. आणि 'ओ' मात्र तिच्या मागून आलं, रिकाम्या खुर्चीतून. दुसऱ्यांदा हाक मारायची त्याची छाती झाली नाही. तिला ओढत खाली आणलं आणि गप्प राहिला. तेव्हापासून इथं ते नाव, आईचं आणि माझंही, कुणी घेतलं की ओ येते. म्हणून नावंच बंद केली.

म्हणजे अपमान नव्हता तो! आणि मी दारात उभी राहून दोनदा...

पण मला पश्चात्ताप नाही. म्हटलं, तू आणखी एक हाक मारली असतीस तर माझी आई माझ्या लग्नात बोलली असती. सव्वीस वर्षं सूप पीत बसलास तिला वर ठेवून! तो रडायला लागला. म्हणाला, स्वैपाकीणबाई, नको जाऊस, आजोबा आपली खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. एक उठवलं तर दुसरं मागतील.

मागू देत. मागितलं म्हणून द्यायलाच हवं असं कुणी सांगितलं? मी आजोबांना दारू पाजली आहे, पानं दिली आहेत. आई देणार नाही.

शुक्रवार, ७ जून

मास्तराला उंचीचा त्रास झाला, ओठ निळे. ग्रोवर त्याला घेऊन सकाळीच उतरला. म्हणाला, ताई, सोमवारपर्यंत थांब, एकटी वर जायचं नाही. वारा असा की पत्रा उडेल.

सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, अशी रेडिओवर गावाशी बोलायची वेळ असते. पाच वाजता सशी होती. आजीच्या घशाखाली सकाळपासून पाणी उतरत नाहीये, आई तू ये ना. रडत होती.

सोमवारपर्यंत कोण थांबणार?

खुर्ची खिडकीतून दिसते. म्हटलं, इथून ऐकू येतंच तिला, ओ देतेच ती. गाठोड्यातून आईची टोपी काढली, दारात गेले. हात लांब करून टोपी हलवली. ये, सिप्रियाना, ये. तिथं नको बसूस. घरी ये. तीनदा म्हटलं.

ओ आली. वरून. मग दारासमोरच्या धुण्याच्या दगडापाशी. तिसरी ओ माझ्या खांद्याला खांदा लावून.

मी घाबरले नाही. खोटं. घाबरले, पण मागे सरले नाही. टोपी एकदम जड झाली, ओल्या लोकरीसारखी. आली! आनंदानं मला हुंदका फुटला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, टोपी हातातून निसटायला लागली, आणि मी ती —

सवय. चार महिन्यांची सवय. वारा आला की हात आपोआप जातो.

मी ती डोक्यावर दाबून बसवली.

शनिवार, ८ जून

डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर आहेत. शेगडीवर धरली. भाजल्याचा वास आला, कळलं काहीच नाही.

टोपी काढून पाहिली दोनदा. काढल्यावर काही बदलत नाही. जे आत जायचं ते गेलंय.

सकाळी म्हातारा सहज म्हणाला, बस की जरा, स्वैपाकीणबाई. मी बाकावर बसले. बटाटे करपले, धूर झाला, मी बघत राहिले. तीन तास, आठचा रेडिओही हुकला. उठावंसं वाटत होतं, पाय माझं ऐकत नव्हते. मी! जिला बस म्हटलं की मुद्दाम उभी राहते ती मी. शेवटी तो धुरातून आला, ऊठ गं म्हणाला, तेव्हा उठले.

हे माझं नाही. हे आईचं आहे.

पाच वाजता रेडिओ. सशी किंचाळत होती आनंदानं. आई, आजी बोलली! काल संध्याकाळीच उठून बसली. दोन वाट्या सूप प्यायली, शेजारणीशी भांडली, गाइडांच्या कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटून आली. आणि आई, मला सशी म्हणाली.

सशी म्हणाली, आजीनं पेन मागितलं. लिहितेय ती. तिला कुठं लिहिता येतं?

तिला येत नाही. मला येतं.

आम्ही दोघी एकाच संताच्या दिवशी जन्मलो. पादऱ्यानं कॅलेंडर उघडलं, तेच नाव निघालं, तेच ठेवलं. बाबा म्हणायचे, बरंच झालं, एका हाकेत दोघी येतात. मी 'घरी ये' म्हटलं. आई टोपीत आली. आणि माझा थोरला अहायू, तोही सिप्रियानाच, आज्ञाधारकासारखा घरी गेला. पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकलं त्यानं.

घरी एकच देह रिकामा होता. आईचा, पंधरा दिवस उरलेला.

ठीक आहे. रडायचं नाही. उपाय सरळ आहे. मी खाली जाणार, दोघी एका खोलीत बसणार, टोपी ज्या डोक्यावर हवी त्या डोक्यावर ठेवणार. उतरायला चार तास लागतात. उद्या पहाटे निघते. माझ्यात अजून धाकटा अहायू आहे, तो हट्टी आहे.

जोवर अक्षर उमटतंय तोवर मी आहे. आईला लिहिता येत नाही.

रविवार, ९ जून. सकाळ

बांधाबांध केली. बुटांना बर्फाचे काटे चढवले. दार उघडलं, तर धुण्याच्या दगडापासून दारापर्यंत पावलं. अनवाणी. म्हाताऱ्यानंही पाहिली. मग त्यानं माझे डोळे पाहिले.

पांढराफटक पडला. म्हणाला, तू त्या दिवशी वर उभी होतीस तशीच दिसतेस. तीच तू. मग म्हणाला, बस. हलू नकोस. मी माणसं घेऊन येतो. आलो की नावानं हाक मारीन.

शब्द न् शब्द तेच. सव्वीस वर्षांपूर्वीचे.

मला सुपाचा डाव घालायचा होता त्याच्या टाळक्यात. हात उचलला नाही. मी बसले.

तो पळतच गेला. मेल्या, ऊठ तरी म्हणून जायचंस.

दुपार

बसले आहे. शेगडी विझली. उजवा हात चालतो, वही मांडीवर.

आई भित्री नाही. आत्ता कळलं. ती घाबरून बसली नव्हती, शब्द दिला म्हणून बसली होती. थंडी वाजत होती, भूक लागली होती, मला घरी ठेवून आली होती. माझाच विचार करत होती — सशीएवढीही नव्हते मी. सगळं आठवतंय. मला. तिला.

आई, ऊठ. मी म्हणते ऊठ. तुझी लेक सांगतेय.

माझं म्हणणं चालत नाही. तिला त्याचीच हाक हवी.

टोपी कसं लिहितात? ट ला काना? नाही. ओ. मात्रा काना. हां.

पाच

रेडिओ. आईचा घसा, सव्वीस वर्षांचा गंजलेला. बोलणं माझं.

ऐक गं, म्हणाली, मीच बोलतेय. एवारिस्तो दुपारीच पोचला. इथं चुलीपाशी बसलाय, सूप पितोय. हवा वाईट आहे म्हणतो, उद्या बघू. मी त्याच्या थोबाडीत मारली आहे, तुझ्या वतीनं आणि आईच्याही. ग्रोवर निघालाय. या हवेत पहाट होईल त्याला. तोवर कुणाच्याही हाकेला ओ देऊ नकोस, दिलीस तर खुर्चीत जाशील. कुणाच्याही. आणि ऊठ. कुणी बस म्हटलं म्हणून जन्मभर बसायचं नसतं. ऊठ!

मागून सशी. आई, ऊठ ना.

उठले!! पाय हलला. उजवा. शिव्या देत उभी राहिले. टेबलाला धरून लिहितेय. बघा आजोबा, उभी आहे. तुमचं बर्फ वितळवणारी.

बाहेर कोणीतरी

काठी आपटतेय. दारावर नाही, भिंतीवर. बर्फाकडच्या भिंतीवर. तिकडून वाट नाही.

एवारिस्तोचा आवाज. हुबेहूब. खोकलाही तोच. आलो गं म्हणतो. उशीर झाला म्हणतो.

तो खाली सूप पितोय. आई, तो नव्हे. आजोबांची खुर्ची रिकामी आहे, म्हणून — आई, ऐक —

नाव घेतलं. सिप्रियाना.

ती म्हणते, आला. शेवटी आला. किती वाट पाहिली.

माझ्या तोंडावर मीच हात दाबलाय. डावा. तीन बोटं. पेन उजव्यात. सोडणार नाही

पुन्हा घेतलं नाव. गोड. माझ्या लग्नात कुणी इतकं गोड

तीनदा घेतात. आता तिसरी. घ्या, कितीही घ्या. मी वाराचीची लेक, मला कुणी बसवत नाही, उठवत नाही. ऐकताय? मी ओ देणार नाही. मी ओ देणार नाही. मी ओ देणार ना